पर्सेलची सेसिलिया-गीतं : ऐकणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत यांवर कान तयार झालेल्या मित्रमंडळींना मी अधूनमधून हेन्री पर्सेल या सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकाराचं एक रेकॉर्डिंग ऐकवते. संगीताची संरक्षक मानलेल्या संत सेसिलियाच्या सणासाठी त्याने बांधलेली दोन मोठी वृंदगीतं त्यात आहेत. फिलिप हेरेवेग या बेल्जियन संचालकाने, घेंट शहरातल्या आपल्या ‘कोलेजियम व्होकाले’ या गायकवृंदाकडून गाऊन घेतलेलं आणि ‘हार्मोनिया मुंडी’ कंपनीने काढलेलं हे रेकॉर्डिंग. ऐकून झालं की प्रश्न सुरू होतात आणि बहुतेक वेळा तेच ते असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय आहे?

दोन रचना. पहिली ‘वेलकम टू ऑल द प्लेझर्स’, १६८३ सालची, पाव तासाहून थोडी जास्त. शब्द ख्रिस्तोफर फिशबर्नचे. पर्सेल तेव्हा अवघा २४ वर्षांचा होता, पण वेस्टमिन्स्टर ॲबी या लंडनमधल्या मोठ्या चर्चचा ऑर्गनवादक होऊन त्याला ४ वर्षं झाली होती.

दुसरी ‘हेल, ब्राइट सेसिलिया’, १६९२ ची. हिचे १३ भाग आहेत आणि ती पाऊण तासाच्या वरच जाते. शब्द निकोलस ब्रेडी या धर्मोपदेशकाचे. पहिलीत तंतुवाद्यं आणि मोजके आवाज आहेत. दुसरीत त्यांच्या जोडीला रेकॉर्डर (उभी धरायची बासरी), ओबो (सनईच्या जातीचं वाद्य), दोन ट्रम्पेट आणि नगाऱ्यासारखी टिंपनी आहे. या दोन्हींमध्ये ९ वर्षं गेली. एकाच माणसाने त्या काळात किती मोठी झेप घेतली हे एका बैठकीत ऐकू येतं, म्हणूनच मला या दोन रचना शेजारीशेजारी ठेवलेलं रेकॉर्डिंग आवडतं.

‘ओड’ म्हणजे काय? भजन म्हणायचं का याला?

भजन नाही. प्रार्थनेचा किंवा उपासनेचा हा भागच नव्हे. ओड म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या, प्रसंगाच्या किंवा कल्पनेच्या गौरवासाठी लिहिलेलं लांब काव्य. इथे ते मुद्दाम संगीत बांधण्यासाठी लिहिलेलं आहे. एकल, द्वंद्वगान, त्रिगान, मग सगळ्यांचा कोरस असं ते पुढे सरकतं. कथा नाही, पात्रं नाहीत. नाव सेसिलियाचं असलं तरी खरा विषय संगीत हाच आहे. ते काय करतं, कुठून येतं, कोणतं वाद्य कोणत्या भावाला हात घालतं, हेच सगळं गायलेलं आहे. आपल्याकडे नादब्रह्माची थोरवी सांगणारी ध्रुपदं आहेत, ती आठवली तर मनाला दिशा मिळते. रचनेची घडण मात्र वेगळी.

सेसिलिया कोण? तिचा आणि संगीताचा संबंध काय?

हे उत्तर जरा लांब आहे, कारण माझ्या मते सगळ्याचं मर्म इथेच आहे.

सेसिलिया ही रोममधली सुरुवातीच्या काळातली हुतात्मा ख्रिस्ती स्त्री. तिची कथा आपल्याला माहीत आहे ती पाचव्या शतकात लिहिल्या गेलेल्या चरित्रातून. खानदानी घरातली मुलगी, मनाने देवाला वाहिलेली, पण घरच्यांनी व्हॅलेरियन नावाच्या तरुणाशी लग्न ठरवलं. त्या चरित्रात लग्नाच्या दिवसाचं वर्णन करणारं एक लॅटिन वाक्य आहे. वाद्यं वाजत असताना सेसिलिया आपल्या अंतःकरणात फक्त देवासाठी गात होती, असा त्याचा अर्थ.

पुढे हे वाक्य चर्चमध्ये गाण्यासाठी घेतलं गेलं तेव्हा त्यातले ‘अंतःकरणात’ हे शब्द गळले. शिवाय लॅटिनमध्ये वाद्यांसाठी असलेला शब्द ‘ऑर्गन’ या एका वाद्याचा वाटू लागला. झालं, मनातल्या मनात गाणारी नवरी ऑर्गन वाजवत गाणारी संत झाली. मग चित्रकारांनी तिच्या हाती ऑर्गन दिला आणि कवींनी तर ऑर्गनच्या शोधाचं श्रेयही तिलाच दिलं.

राफाएल या इटालियन चित्रकाराने मात्र मूळ गोष्ट ओळखली होती असं मला वाटतं. बोलोन्यातल्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात सेसिलिया वर आकाशाकडे पाहते आहे. तिच्या हातातला छोटा ऑर्गन उलटा झाला आहे, त्याच्या नळ्या निसटून खाली येत आहेत आणि पायाशी मोडकीतोडकी वाद्यं पडली आहेत. बाहेरचा आवाज तिच्या लेखी संपलेला आहे.

इंग्लंड तर प्रोटेस्टंट देश. तिथे कॅथलिक संताचा सण कसा काय?

संताची पूजा म्हणून नव्हे, संगीतकारांचा दिवस म्हणून. सेसिलियाचा सण २२ नोव्हेंबरला असतो. १६८३ पासून लंडनमधले व्यावसायिक संगीतकार आणि हौशी रसिक जवळजवळ दरवर्षी या दिवशी जमू लागले. एक कवी नवं काव्य लिहायचा, एक संगीतकार ते बांधायचा, आणि गाणं झालं की जेवणावळ. कारभार पाहायला दरवर्षी काही मंडळी नेमलेली असायची. पहिल्याच वर्षी मान मिळाला तो पर्सेलला. १६८४ मध्ये त्याच्या आधी ॲबीत ऑर्गन वाजवणाऱ्या जॉन ब्लोने ओड बांधला. १६८७ मध्ये जॉन ड्रायडन या कवीच्या शब्दांना लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जोव्हानी बातिस्ता द्रागी या इटालियनाने संगीत दिलं. १६९० च्या दशकात आधी सेंट ब्राइड्स चर्चमध्ये उपासना, मग स्टेशनर्स हॉलमध्ये ओड असा क्रम बसला. चर्चमधल्या प्रवचनात उपासनेत संगीत का हवं याची बाजू मांडली जायची. उपासनेत वाद्यं नकोत म्हणणाऱ्या कडव्या मंडळींची आठवण तेव्हा ताजी होती.

सगळं ऐकायला वेळ नाही. सुरुवात कुठून करू?

‘हेल, ब्राइट सेसिलिया’मधल्या चौथ्या भागापासून, ‘टिज नेचर्स व्हॉइस’पासून. एकच आवाज, खाली फक्त साथीचा खर्ज आणि ल्यूटसारख्या, तारा छेडून वाजवायच्या वाद्याचे किंवा ऑर्गनचे स्वर. बाकी वाद्यवृंद गप्प.

शब्दांचा आशय असा : संगीत हा निसर्गाचाच आवाज आहे, सगळ्या जीवांना कळणारी भाषा आहे. आपण ते ऐकतो आणि लगेच शोक करतो, द्वेष करतो, आनंदतो, प्रेम करतो. आता गंमत बघा. शोकाचा शब्द आला की सूर जवळजवळच्या स्वरांवरून कण्हत खाली येतो. द्वेषाशी तो टोकदार होतो. आनंदाच्या शब्दावर एकदम लांब तान सुटते आणि प्रेमाशी येऊन सगळं मऊ पडतं. चार शब्दांत चार रंग. संगीत भावना जागवतं असं सांगता सांगता गाणारा ऐकणाऱ्याच्या मनात त्या जागवूनच दाखवतो.

हा भाग मी नवख्या माणसाला तीन वेळा ऐकवते. एकदा नुसता, एकदा शब्द समोर ठेवून, आणि एकदा डोळे मिटून. तिसऱ्या वेळी फारसं बोलावं लागत नाही.

यातल्या ताना गायकाच्या की लिहिलेल्या?

बहुतांश लिहिलेल्या. पर्सेलने हरकती, मुरक्या, लांब पलटे असं सगळं कागदावर उतरवून ठेवलंय. आपल्या कानाला हे खटकू शकतं, कारण आपल्याकडे तान त्या क्षणी सुचायला हवी. पण चांगला गायक ती लिहिलेली तान नुकतीच सुचल्यासारखी घेतो आणि वर आपलीही एखादी जागा घेऊन जातो.

याच्याशी जोडलेला एक जुना वाद आहे. १६९२ मधल्या कार्यक्रमाचा वृत्तान्त पीटर मोटो या लेखकाने आपल्या मासिकात छापला. सगळी रचना दोनदा सादर झाली आणि दुसरं कडवं खुद्द पर्सेलने थक्क करणाऱ्या अलंकारांनी गायलं, असं तो म्हणतो. पण पर्सेलच्या हस्तलिखितात एकल भागांवर गायकांची नावं आहेत आणि त्या कडव्यातल्या ‘टिज नेचर्स व्हॉइस’वर पेट नावाच्या गायकाचं नाव आहे. मग ‘पर्सेलने गायलं’ याचा अर्थ स्वतः गळ्यातून, की त्याने रचलेल्या अलंकारांसह दुसऱ्याने? अभ्यासक दोन्ही बाजूंनी बोलतात. मला आपलं पर्सेलने स्वतः गायलं असावं असंच मानायला आवडतं.

पुरुष इतक्या वरच्या पट्टीत कसा गातो? बालगंधर्वांसारखं आहे का हे?

या आवाजाला काउंटरटेनर म्हणतात. पुरुष गायक आपला वरचा, हलका आवाज (ज्याला आपण कधी कधी ‘खोटा आवाज’ म्हणून नाक मुरडतो तो) वर्षानुवर्षं कमावतो आणि त्यातच पूर्ण गातो. इंग्लंडच्या चर्चमधल्या गायकवृंदांत ही परंपरा होतीच.

बालगंधर्वांची तुलना इथे लागू पडत नाही. ते रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आणि गाणं त्या भूमिकेचं असे. इथे भूमिका नाही, स्त्रीचा आभासही अपेक्षित नाही. तो नुसता एक आवाज आहे, व्हायोलिन आणि व्हायोला यांच्यात फरक असतो तसा वेगळा. पर्सेलच्या काळी यातले काही भाग नैसर्गिकच उंच आवाजाच्या टेनर (खोटा आवाज न लावता वरच्या पट्टीत गाणाऱ्या) गायकांनी गायले असावेत असं मत आहे. त्यामुळे एका रेकॉर्डिंगमध्ये जो भाग काउंटरटेनर गातो तोच दुसऱ्यात टेनर गाताना सापडला तर चकित होऊ नका.

पेटीवर सूर लावून बघितला तर पट्टी जुळत नाही. रेकॉर्डिंगचा वेग बिघडलाय का?

वेग ठीक आहे. बरोक, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातलं युरोपीय संगीत जुन्या पद्धतीच्या वाद्यांवर वाजवताना आज साधारणपणे सूर अर्ध्या स्वराने उतरवतात. आजच्या पेटीत आणि पियानोत मधला धैवत, म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘ए’, सेकंदाला ४४० कंपनांचा. बरोक वादक तो ४१५ ला लावतात. ‘हेल, ब्राइट सेसिलिया’ कागदावर पांढरी दोनमध्ये आहे, पण अशा रेकॉर्डिंगबरोबर पेटी घेऊन बसलात तर काळी एक लागेल. तेव्हा काळी एक धरा आणि खुशाल वाजवा.

पांढरी दोनच का, याला कारण ट्रम्पेट आहे. त्या काळच्या ट्रम्पेटला कळा नव्हत्या. नुसती लांब पितळी नळी. वादकाने ओठांचा दाब बदलून नळीतून निसर्गतः निघतील तेवढेच स्वर काढायचे. नळी ज्या पट्टीची, त्या पट्टीतच रचना करावी लागे.

‘ग्राउंड बेस’ हा शब्द सारखा येतो. सोप्या भाषेत काय?

स्वतंत्र तबलावादनात पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा धरतात तो आठवा. एकच आवर्तन पुन्हा पुन्हा, आणि त्यावर तबलजी हवं ते बांधतो. ग्राउंड बेसमध्ये खर्जातली एक छोटी धून अशीच फिरत राहते आणि वर गाणं बदलत जातं. फरक एवढा की लेहरा प्रामुख्याने तालाचं भान ठेवतो. इथे खालची धून वरच्या सुरांचा रंगही ठरवते.

‘वेलकम टू ऑल द प्लेझर्स’मधलं ‘हिअर द डीटीज अप्रूव्ह’ ऐका. खालची धून बोटांनी मांडीवर मोजत बसा. धून संपली तरी गायकाची ओळ संपलेली नसते, आणि ओळ संपते तेव्हा धून अर्ध्यावर पोचलेली असते. आपल्याकडे समेला चकवून पुढे जाणाऱ्या गायकाला जशी दाद जाते, तशी इथे मनात उमटते. गायक थांबला की तीच धून कायम ठेवून व्हायोलिन वर येतात. लोकांना हा भाग इतका आवडला की पर्सेलने तो नंतर नुसत्या कीबोर्डसाठीही केला.

दुसऱ्या रचनेत ‘वंड्रस मशीन’ हा भाग असाच आहे, पण स्वभाव वेगळा. तिथला खर्ज यंत्राच्या चालीने टकटक करत चालतो, वर दोन ओबो आणि एक भारदस्त खालचा आवाज. ते यंत्र म्हणजे ऑर्गन. त्याच्यापुढे मधुर ल्यूटलाही हार मानावी लागते, असे शब्द आहेत.

वाद्यांची आपसात स्पर्धा आहे का यात?

आहे, आणि निकाल आधीच ठरलेला आहे. सेसिलियाचं वाद्य ऑर्गन, तेव्हा जिंकणारही तोच. व्हायोलिन, प्रेमिकांची बासरी, गिटार, लढाईतली पिपाणी आणि ट्रम्पेट यांनी आपसात काय ते भांडावं, असं दोन खर्जातले आवाज शेवटी सांगून टाकतात.

पण पर्सेल हरणाऱ्यांनाही मनापासून वाजवायला देतो. तिसऱ्या भागात झाडं बोलू लागतात. फर आणि बॉक्स या झाडांच्या लाकडातून व्हायोलिन आणि बासरी तयार होतात म्हणून. तिथे एकदा व्हायोलिन, एकदा रेकॉर्डर असा सवालजवाब चालतो. (त्या काळच्या इंग्रजीत ‘फ्लूट’ म्हणजे तोंडापुढे उभा धरायचा रेकॉर्डर. आडवी बासरी नव्हे.)

इंग्रजी शब्द कळत नाहीत. तरी ऐकण्यात अर्थ आहे?

आहे, पण शब्द मिळवा. ही काव्यं जुनी आहेत आणि सहज सापडतात. बंदिशीचे बोल माहीत असले की आलाप वेगळा लागतो, तसंच इथे. एक उदाहरण देते. पाचव्या भागात कोरस संगीताला ‘जगाचा आत्मा’ म्हणून हाक मारतो आणि विखुरलेल्या कणांना तूच बांधलंस असं म्हणतो. शब्द न वाचता ते नुसतं भव्य वाटतं. वाचून ऐकलं तर वेगवेगळ्या वाटांनी निघालेले आवाज एकत्र कसे बांधले जातात तिकडे कान जातो.

हेरेवेगशिवाय दुसरं कोणाचं ऐकावं?

जॉन एलियट गार्डिनरचं १९८० च्या दशकातलं, मॉन्टेव्हर्डी क्वायरचं रेकॉर्डिंग जास्त झगमगीत आहे, त्यातले ट्रम्पेट उजळतात. रॉबर्ट किंगने ‘हायपेरियन’साठी पर्सेलचे सगळे ओड ८ भागांत ध्वनिमुद्रित केले. सेसिलियाचं वेड लागलं तर शेवटी तिथे जावंच लागतं, कारण १६८३ चंच लॅटिनमधलं ‘लाउदाते सेसिलियम’ आणि ‘रेझ, रेझ द व्हॉइस’ या छोट्या रचनाही त्यात मिळतात. आणि जुन्या आवाजांची आवड असेल तर मायकल टिपेटने संचालन केलेलं, आल्फ्रेड डेलरचं १९५० च्या दशकातलं गायन शोधा. काउंटरटेनरला विसाव्या शतकात पुन्हा मैफलीत आणणारा तो माणूस. वाद्यं आधुनिक आहेत, चाल संथ आहे, पण त्याच्या आवाजात एक एकटेपणा आहे जो मला नंतर कुठे सापडला नाही.

हेरेवेगचं मी पहिलं देते कारण त्याचा वृंद ओरडत नाही. कोरसमध्येही आतल्या ओळी ऐकू येतात.

हँडेलनेही सेसिलियावर लिहिलंय ना?

हो. पर्सेलनंतर लंडनमध्ये गाजलेल्या या जर्मन संगीतकाराच्या दोन मोठ्या रचना आहेत, दोन्ही ड्रायडनच्या शब्दांवर. १६९७ च्या काव्यावर ‘अलेक्झांडर्स फीस्ट’ १७३६ मध्ये, आणि १६८७ च्या त्या द्रागीवाल्या काव्यावर ‘ओड फॉर सेंट सेसिलियाज डे’, जो १७३९ मध्ये बरोबर २२ नोव्हेंबरला लंडनमध्ये सादर झाला. मोझार्टने १७९० मध्ये दोन्हींची नवी वाद्यरचना केली, इतका त्यांचा मान होता. ट्रेव्हर पिनॉकचं, फेलिसिटी लॉट आणि अँथनी रॉल्फ जॉन्सन यांनी गायलेलं ‘ओड’चं रेकॉर्डिंग सुंदर आहे.

त्याचा शेवट कीर्तन ऐकणाऱ्याला ओळखीचा वाटेल. सोप्रानो, म्हणजे सर्वांत वरच्या आवाजाची गायिका, एकटी, कसल्याही साथीशिवाय एक ओळ गाते, आणि सगळा वृंद वाद्यांसकट ती ओळ उचलून धरतो. पुन्हा ती एकटी, पुन्हा सगळे. बुवांनी ओळ टाकावी आणि मागच्या टाळकऱ्यांनी झेलावी तसं.

आपल्याकडे हा सण पाळतात का?

गोव्यात, वसईत, मुंबईच्या ख्रिस्ती वस्त्यांत चर्चचे गायकवृंद सेसिलियाला आपली मानतात आणि २२ नोव्हेंबरच्या आसपास तिची आठवण काढतात. पर्सेलचे ओड मात्र त्या उपासनेचा भाग नाहीत.

तरी एक धागा आहे. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. शिकवणारा ‘मेस्त्र’ बहुधा चर्चच्या गायकवृंदाचाही प्रमुख असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच गायकवृंद-प्रमुखाचे चिरंजीव. ते पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिनवादक आणि संगीत-संयोजक झाले, आणि प्यारेलाल त्यांचे शिष्य. हिंदी गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे ऐकताना त्यामागे चर्चच्या शाळेतला तो मेस्त्र उभा आहे हे मला नेहमी जाणवतं.

पर्सेलचा मृत्यू सेसिलियाच्या सणाला झाला हे खरं का?

आदल्या दिवशी. २१ नोव्हेंबर १६९५, वय ३६. त्याच्या आदल्याच वर्षी, १६९४ मध्ये, त्याने याच सणासाठी चर्चमधलं ‘ते देऊम’ हे देवाचं स्तुतिगान बांधलं होतं. वेस्टमिन्स्टर ॲबीत ऑर्गनजवळ त्याला पुरलं. तिथला लेख सांगतो की जिथे त्याच्या सुस्वरतेवर मात होऊ शकते अशा एकमेव धन्य ठिकाणी तो गेला आहे.

‘हेल, ब्राइट सेसिलिया’च्या शेवटच्या कोरसमध्ये सेसिलियाबद्दल एक ओळ आहे : स्वर्गातल्या गायकवृंदात राहूनही ती आपली जुनी विद्या अजून सुधारते आहे. म्हणजे तिथेही रियाज सुरूच. पर्सेलचं वय कळल्यावर ती ओळ मला आणखी लागते.

‘वेलकम टू ऑल द प्लेझर्स’ शेवटी एकदम विरून जातं. माझी फाइल अर्धवट उतरली का?

नाही, फाइल पूर्ण आहे. सणाच्या गाण्याचा शेवट मोठ्या गजराने व्हावा अशी आपली अपेक्षा असते, पण २४ वर्षांच्या पर्सेलने उलट केलं. शेवटच्या कोरसमध्ये सगळे सेसिलियाचा जयजयकार करत असतात आणि एकेक थर गळायला लागतो. वाद्यं थांबतात, वरचे आवाज थांबतात, आणि खालच्या खर्जातल्या आवाजांवर तिचं नाव राहतं. तेही हळूहळू खाली उतरत जातं. आवाज वाढवू नका आणि पुढची रचना लगेच सुरू होऊ देऊ नका. थोडा वेळ थांबा.